डाव्या बाजूचा आवाज

प्रियदर्शनीचा कॉम्प्युटर मुबश्शिरच्या दुकानात आला तो भाजीच्या दोन कॅरेटांच्या मधोमध बसून. शालिकरामकाकांनी मोटरसायकलवर एका अंगाला वांगी बांधली होती, दुसऱ्या अंगाला मेथी, आणि मध्ये जुन्या गोधडीत गुंडाळलेला तो काळा डबा. पोरगी एसटीनं आधीच येऊन पायरीवर उभी होती. बापाच्या हातून डबा तिनं स्वतः उतरवून घेतला आणि टेबलावर असा ठेवला, जसं कोणी आजारी माणसाला खाटेवर निजवतं.

मानोऱ्याच्या बाजारओळीतलं हे दुकान मुळात मुबश्शिरच्या वडिलांचं, उस्मानभाईंचं. ते रेडिओ दुरुस्त करायचे, पुढे टीव्ही. शालिकरामकाका इंझोरीहून भाजी आणून वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानासमोर बसत आले होते. उन्हातान्हात पाणी, चहा, सावली सगळं दुकानातूनच. उस्मानभाई जाऊन सहा वर्षं झाली. दुकानात आता कॉम्प्युटर, प्रिंटर आणि झेरॉक्सचं यंत्र होतं. पण गावात बोललं जायचं ते जुनंच, की उस्मानभाईच्या दुकानातून मुकं यंत्र परत जात नाही. या बोलण्याचा मुबश्शिरला अभिमान होता. जरा जास्तच होता.

प्रियदर्शनीचा हा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी त्यानंच एकेक भाग मागवून जोडून दिला होता, तिच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी. अभ्यास झाला, पदवी मिळाली, आणि मग त्याच यंत्रावर ती एक बंदुकीचा खेळ खेळू लागली. पाचजणांविरुद्ध पाचजण. तिच्या संघातले बाकी चौघं नागपूर, अमरावती, इंदूर असे कुठेकुठे बसलेले. ऋषिकेश नावाचा एक मुलगा त्यांचा कप्तान. या खेळात डोळ्यांइतकंच कानाला महत्त्व. भिंतीपलीकडून कोणी दबकत येत असला, की त्याच्या पावलांचा आवाज हेडफोनमध्ये नेमका त्या बाजूनं येतो. प्रियदर्शनीचं नाव झालं होतं ते यासाठीच. ऋषिकेश म्हणायचा, बाकीचे बघून खेळतात, ही ऐकून खेळते. पुढल्या आठवड्यातल्या शनिवारी निवड सामना होता. पुण्याचा एक संघ त्यातून दोन खेळाडू पगारावर घेणार होता.

"भाऊ, डाव्या बाजूनं आवाज कमी येऊन राह्यला," ती म्हणाली. "परवापासून. तिकडून कोनी आला तं मले समजतच नाई."

मुबश्शिरला बरं वाटलं. अशी तक्रार म्हणजे तासाभराचं काम. त्यानं डबा उघडला, ब्रशनं धूळ झाडली. हेडफोनची पिन डब्याच्या पुढच्या भोकात खोचलेली असायची. ते भोक आतून मळलं की एक बाजू अशीच बसते. त्यानं पिन पुसली, मग मागच्या भोकात, थेट साउंड कार्डाला लावून पाहिली. स्क्रीनवर आवाजाच्या सेटिंग उघडल्या. आवाज आपोआप 'सुधारून' देणारी एक सेटिंग चालू होती, ती बंद केली. चारही बाजूंनी आवाज येतोय असा भास करून देणारी आणखी एक होती, तीही बंद केली. साउंड कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढून टाकला, नवा घातला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

मग त्यानं स्वतः हेडफोन कानांवर चढवला आणि तपासणीचा टुंग आवाज सोडला. डावीकडे टुंग. उजवीकडे टुंग. दोन्ही अगदी सारखे, स्वच्छ.

"झालं," तो म्हणाला. "घाल."

तिनं घातला. ऐकलं. मान हलवली. डावीकडचा अजून लांबूनच येत होता म्हणे, कापूस घातल्यासारखा.

त्यानं दुकानातला दुसरा हेडफोन काढला. तेच. लॅपटॉपला लावून दिला. तेच. आता मुबश्शिरच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. यंत्र बदललं, वायर बदलली, हेडफोन बदलला, आणि बिघाड मात्र जागचा हलेना. तेव्हा त्यानं एक साधी गोष्ट केली. हेडफोन उलटा करून तिच्या हातात दिला, उजवी वाटी डाव्या कानावर येईल असा. आता जी बाजू खराब असेल ती दुसऱ्या कानाला जाणार होती.

"आता कोनत्या कानात कमी येते?"

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "डाव्याच."

मुबश्शिरचा हात माउसवर थांबला. यात समजायला काही उरलं नव्हतं. बाजू बदलली तरी कान तोच होता. बिघाड टेबलावरच्या डब्यात नव्हताच.

त्या क्षणी ते एक वाक्य बोलायला हवं होतं. पण पायरीवर शालिकरामकाका मेथीच्या जुड्या सोडवत बसले होते. झेरॉक्ससाठी दोघंजण उभे होते, त्यातला एक इंझोरीचाच. आणि मागच्याच आठवड्यात काकांनी चहा पिताना सांगितलं होतं, की पोरीला पाहायला दिग्रसचे पाहुणे येणार आहेत. चारचौघांत कसं सांगायचं की पोरीचा कान बसलाय? आपण काही डॉक्टर नाही. सर्दी असेल. कानात पाणी गेलं असेल. हे सगळं त्याच्या मनात आलं, आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं त्या वेळी स्वतःलाही सांगितली नाही. यंत्र दुरुस्त झालं नाही असं म्हणून त्याला ते परत द्यायचं नव्हतं.

"सेटिंगचा घोळ हाये," तो म्हणाला.

आवाजाच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्याचं प्रमाण ठरवायच्या दोन पट्ट्या असतात. त्यानं डावी पट्टी शंभरावर नेली आणि उजवी हळूहळू खाली ओढत आणली. ती ऐकत होती. साठवर आल्यावर तिचा चेहरा उजळला. दोन्हीकडे सारखं येतंय म्हणाली. काका आत डोकावून म्हणाले, "मी म्हनलं नव्हतं? मुबश्शिरच्या हाताले गुन हाये." आणि जाताना वांग्यांचा एक मोठा वाटा टेबलावर ठेवून गेले.

त्या दुपारी आई अमीनाबीनं वांगी केली. चांगली झाली होती. मुबश्शिरनं अर्धीच भाकर खाल्ली. आईनं विचारलं तर गरमीचं निमित्त सांगितलं.

शुक्रवारी प्रियदर्शनीचा फोन आला. परत डावीकडून आवाज कमी झालाय. त्यानं आपल्या दुकानातूनच इंटरनेटवरून तिचा स्क्रीन उघडला आणि उजवी पट्टी साठवरून चाळीसवर आणली. ती म्हणाली, थोडं अजून. तीसवर आणली. "हां, आता बरोबर," ती म्हणाली आणि मग सांगू लागली, की कालच्या सरावात ती दोनदा उलट्या दिशेला वळली आणि मागून मारली गेली. ऋषिकेश सगळ्यांसमोर बोलला, की तुझं ध्यान नाही. प्रियदर्शनी म्हणाली, खरंच नसेल. पाहुण्यांचं डोक्यात असेल.

मुबश्शिरच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "सर्दी-गिर्दी हाये का तुले?"

"नाई बा. काहून?"

"काई नाई. आसंच."

फोन ठेवला आणि तो एका प्रिंटरचं झाकण उघडून बसला. त्या प्रिंटरमध्ये काय बिघाड होता हे त्याला तासभर सुचलं नाही. मधल्या दोन दिवसांत त्यानं आपल्या मोबाइलवर अचानक एका कानानं ऐकू न येण्याबद्दल शोधून पाहिलं. दोन-तीन ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली होती, की थांबू नका, लगेच दाखवा. त्यानं मोबाइल पालथा घातला. उद्या फोन करू. मग वाटलं, तीच करेल, बरं झालं असेल तर करणार नाही. सोमवारी तिचा फोन आला नाही, तेव्हा त्यानं स्वतःची समजूत घातली की बरं झालं असणार.

मंगळवारी दुपारी आला. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. म्हणाली, साउंड कार्डच जळालं असेल. डावीकडून आता कुकरच्या शिट्टीसारखा बारीक आवाज सतत येतोय आणि बाकी जवळपास काहीच नाही.

"हेडफोन काढला तरी येते का?"

पलीकडे हेडफोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग मशीनचा पंखा बंद झाला.

"मशीन बंद केली तरी येते," ती म्हणाली. आणि मग फार हळू, "भाऊ, मशीन बंद असल्यावर कसा काय येईन?"

मुबश्शिरनं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली.

रामनवमी दोन दिवसांवर होती. पोहरादेवीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. ट्रॅक्टर, जीप, पायी निघालेल्या बाया, डोक्यावर बोचकी. इंझोरीला पोचायला त्याला रोजच्या दुप्पट वेळ लागला. काकांचा मळा गावाला लागूनच होता. काका आणि त्यांची बायको कस्तुराबाई विहिरीच्या पाळीशी बसून पालकाच्या जुड्या बांधत होते. प्रियदर्शनी जवळच दगडावर बसली होती, डावा तळहात कानावर दाबून. तिनं त्याच्याकडे पाहिलं ते तो अगदी समोर आल्यावर. गाडी तिच्या डाव्या बाजूनं आली होती.

त्याला पाणी दिलं गेलं. त्यानं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

"काका, कॉम्प्युटरमंदी काई बिघाड नाई. तिचा कान दाखवा लागते. आजच्या आज, नाई तं उद्या सकाळी."

कस्तुराबाई म्हणाल्या, कानात पाणी गेलं असंल, लसणाचं तेल कोमट करून घालते. मुबश्शिर म्हणाला की तेलबिल काही घालू नका. मोबाइलवर वाचलेलं त्यानं सांगितलं. शब्द अडखळत होते, पण सांगितलं. काकांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

मग प्रियदर्शनीनं विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

आज समजलं असं म्हणता आलं असतं. आज फोन आला, आज तो धावत आला, सगळं जुळत होतं. कोणी शंका घेतली नसती. उलट नाव निघालं असतं. मुबश्शिरनं तांब्याकडे पाहिलं.

"मागच्या मंगळवारी," तो म्हणाला. "हेडफोन उलटा घालून दिला तवाच."

मोटारीचं पाणी पाटातून वाहत होतं.

"मंग सांगतलं काहून नाई?" काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"लोकं होते दुकानात. पाहुन्याची गोठ चालू हाये हे मालूम होतं. मले वाटलं, पोरीच्या जातीले..."

"पाहुने काय कान तपासाले येनार होते?"

काकांनी जुडी बांधून टोपलीत ठेवली, दुसरी घेतली, ती नीट बांधता येईना म्हणून परत सोडली.

प्रियदर्शनी रडली नाही. ती म्हणाली, "आठ दिवस मी त्या सेटिंगवर खेळली. सगळ्याईचे बोल खाल्ले. मले वाटलं, मायंच ध्यान नाई. मी सोताले शिव्या देऊन राह्यली होती भाऊ, आन तुमाले मालूम होतं."

हे वाक्य त्याला काकांच्या प्रश्नापेक्षा जड गेलं. तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जायला गाडी मिळेना. बहुतेक एसट्या पोहरादेवीच्या फेऱ्यांना लागलेल्या, खासगी जीपही तिकडेच. मुबश्शिरनं जीपवाल्या लालसिंगला गाठलं. त्याची जीप पोहरादेवीच्या भाविकांनी आधीच ठरवलेली होती. मुबश्शिरनं काय झालं ते सगळं सांगितलं, आपली चूक धरून. लालसिंगनं भाविकांसाठी भावाची गाडी लावून दिली आणि स्वतः यांना घेऊन अकोल्याला निघाला. पुढच्या सीटवर काका बसले, मागे कस्तुराबाई आणि पोरगी. मुबश्शिर अगदी मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. अकोल्यापर्यंत त्याच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि हेडफोन दिला. मुबश्शिर काचेबाहेर उभा होता. आत बारीक आवाज सुटत होते, आणि ऐकू आला की प्रियदर्शनीनं बोट वर करायचं होतं. उजव्या कानाला बोट पुन्हापुन्हा वर येत होतं. मग डाव्याची पाळी आली. ती डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मशीनवरची बाई बटण दाबत होती. बोट मांडीवरून हलत नव्हतं. एकदाच अर्धवट वर आलं आणि चुकलं की काय अशा संशयानं परत खाली गेलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कानाची नस अचानक बसते. का बसते हे पुष्कळदा सांगता येत नाही. खेळामुळे झालं असंही म्हणता येणार नाही. गोळ्या सुरू करू, आठवड्यानं कानात इंजेक्शन देऊ. थोडं परत येईल, किती ते आता सांगत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत दाखवायला आलं तर ऐकू परत यायची शक्यता जास्त असते. आणि इतके दिवस काय करत होतात, असं त्यांनी विचारलं.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "आमाले वाटलं, मशीन बिघडली."

मुबश्शिर दाराशी उभा होता. काकांनी त्याचं नाव घेतलं नाही हे त्याला ऐकू आलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारच्या सामन्यात ती खेळली नाही. डॉक्टरीणबाईंनी हेडफोनला बंदी केली होती. ऋषिकेशला तिनं खरं काय ते कळवलं. तो बिचारा फार ओशाळला, पण संघात पाच माणसं लागतातच, त्यानं दुसरं कोणी घेतलं. दिग्रसचे पाहुणे आले आणि पोरगी पसंत करून गेले. नकार पोरीनंच दिला, आत्ता नाही म्हणून. हे सगळं मुबश्शिरला इकडून तिकडून कळत होतं. कारण काका आता त्याच्या दुकानासमोर बसत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या बाजूला त्यांनी जागा धरली होती. भांडण नाही, बोलणं नाही. अमीनाबी पिशवी घेऊन रस्ता ओलांडून जायची, मेथी घ्यायची, कस्तुराबाईची तब्येत विचारायची आणि परत यायची. मुलाला ती काही म्हणाली नाही. एकदा फक्त म्हणाली की तुझे अब्बा असते तर तेही कदाचित गप्प बसले असते, पण आठ दिवस नाही.

दीड महिन्यानं, उन्हानं रस्ता ओस पडलेला असताना, प्रियदर्शनी दुकानात आली. एकटीच. पाठीवरच्या सॅकमधून तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच कानात देता येतो का. उजव्या.

येतो, मुबश्शिर म्हणाला. सेटिंग आहे. मग म्हणाला, "पन मंग बाजू समजनार नाई. डावा-उजवा सगळा एकच होईन."

"मले मालूम हाये. खेळासाठी नाई. ऋषिकेशच्या पोराईचे सामने पाह्यते मी, चुका काढून देते. अर्धं बोलनं आयकूच येत नाई."

कान किती आलाय, त्यानं विचारलं. जाड आवाज थोडे येतात, ती म्हणाली. बारीक नाही. शिट्टी अजून आहे, सवय झाली. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

तिच्या मोबाइलवरच त्यानं सेटिंग दाखवली, घरी कॉम्प्युटरवर कुठे सापडेल ते एका कागदावर पायरीपायरीनं लिहून दिलं. ती कागद वाचत होती. मान न उचलता म्हणाली,

"त्याच दिवशी सांगतलं असतं तं वाचला असता का?"

हा प्रश्न मुबश्शिरनं दीड महिन्यात स्वतःला किती वेळा विचारला होता त्याला मोजदाद नव्हती. नसता वाचला असं स्वतःला सांगून तो काही वेळा झोपला होता.

"मले नाई मालूम," तो म्हणाला. "वाचला असता, नसता. पन सांगाले पायजे होतं."

तिनं कागदाची घडी करून सॅकमध्ये घातली. बरं म्हणाली नाही, असू द्या म्हणाली नाही. "मी काहून आली होती ते बाबाले सांगू नका," एवढंच म्हणून पायरी उतरली.

रस्ता ओलांडायला ती दोन पावलं पुढे गेली आणि डावीकडून एक मोटरसायकल हॉर्न वाजवत आली. प्रियदर्शनीनं उजवीकडे पाहिलं. मुबश्शिर टेबलामागून उठून दारापर्यंत धावला, तोंड उघडलं, पण तोवर गाडी तिच्या ओढणीला वारा देऊन निघून गेली होती. ती जागच्या जागी थिजली होती. मग तिनं आधी डावीकडे, सावकाश मान वळवून, लांबपर्यंत पाहिलं, मग उजवीकडे, परत डावीकडे. आणि पलीकडे गेली. रसवंतीच्या कडेला तिचा बाप पालकावर पाणी शिंपडत होता. त्यानं मान वर केली, पोरीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे दारात उभ्या असलेल्या मुबश्शिरकडे. पाहिलं, आणि परत पालकाकडे वळला.